खिशातला छोटा मल्टिटूल चाकू निवडताना

रोज काय कापता, काय पिळता ते आधी आठवा. पाकिटं, दोरे, नखं एवढंच असेल तर किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारा, मिटल्यावर ५८ मिमी लांब असलेला चाकू पुरे. स्क्रू नेहमी पिळावे लागत असतील तर ८४ किंवा ९१ मिमीचाच घ्या. छोट्याची पकड हातात फिरते.

पातं उघडून बघा. शेवटी टक् आवाज करून ते घट्ट बसायला हवं, बाजूला डुगडुगलं तर नकोच. छोट्या चाकूंना बहुधा लॉक नसतो, म्हणून टोकाने टोचू नका: पातं बोटांवर मिटतं.

चाकूतल्या कात्रीने पातळ कागद टोकापर्यंत कापा. तिथे तो दुमडला तर पाती नीट जुळलेली नाहीत. तिची बारीक स्प्रिंग तुटू शकते, बदलता येते का हे विचाराच.

विमानप्रवासात चाकू चेक-इन सामानात.