रणगाडा मातीवर तरंगतोय?

डायोरामा (मॉडेलभोवती उभारलेला छोटा देखावा) छान जमतो, पण मॉडेलचा रणगाडा मातीवर नुसता आणून ठेवल्यासारखा दिसतो, कारण ट्रॅकखाली (चाकांवरून फिरणाऱ्या साखळीपट्ट्यांखाली) फट राहते. खरा रणगाडा ओल्या मातीत सहज दहाएक सेंटिमीटर रुततो. १/३५ प्रमाणाच्या (खऱ्याच्या पस्तीसपट लहान) मॉडेलमध्ये ते होतात जेमतेम ३ मिलिमीटर, पण सगळा फरक तिथेच पडतो.

१. ट्रॅक आणि गाडीचं पोट पातळ क्लिंग फिल्ममध्ये ताणून गुंडाळा. सुरकुती राहिली तर तीही मातीत उमटते.
२. कागदाचा लगदा, पांढरा गोंद आणि चाळलेली माती घट्टसर कालवून बेसवर पसरा. तपकिरी रंग त्यातच मिसळा, म्हणजे पुढे टवका उडाला तरी आतून पांढरं डोकावत नाही.
३. मिश्रण थोडं आवळलं की मॉडेल दाबा आणि सरळ वर उचला. तिरकं ओढलं तर कडा फाटतात. मागची चाकोरी उरलेल्या ट्रॅकच्या तुकड्याने उमटवा. (हे तुकडे कधीच फेकू नयेत.)
४. पूर्ण वाळल्यावर फिल्म काढून मॉडेल त्याच खाचेत चिकटवा.

बेस थर्माकोलचा असेल तर त्यावर स्प्रे रंग किंवा सॉल्व्हंटवाला गोंद थेट लावू नका, थर्माकोल विरघळतो.