दत्तक मुलाला त्याच्या जन्माची गोष्ट कशी सांगावी

‘मोठं झालं की एकदा समोर बसवून सांगू’ असं ठरवलं, की तो दिवस पुढेच जात राहतो. दरम्यान एखादा नातेवाईक बोलून जातो, नाहीतर कपाटातला कागद मुलाच्या हाती लागतो. म्हणून मूल घरात आलं त्याच आठवड्यापासून बोलायला लागा.

१. आधी स्वतःच्या जिभेला सवय लावा. लंगोट बदलताना मोठ्याने म्हणा: ‘तू दुसऱ्या एका बाईच्या पोटात वाढलीस. तिला बाळ सांभाळणं शक्य नव्हतं. आम्हाला बाळ हवं होतं, मग तू आपल्या घरी आलीस.’ सुरुवातीला आवाज कापेल, डोळे भरून येतील. ते आत्ताच होऊ द्या. तीन वर्षांच्या मुलाला शब्द कळले नाहीत, तरी आवाजातली भीती बरोबर कळते. ‘खरी आई’ हा शब्द घरात नको, ‘जन्मदाती आई’ म्हणा; आजी-आजोबांनाही हेच सांगून ठेवा.

२. प्रत्येक वाक्य मुलाच्या कानाने ऐकून बघा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्याही मायेपोटी. ‘तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं’ हे ऐकून मूल एवढंच जोडतं: प्रेम असलं की माणसं सोडतात, मग हेही सोडतील. ‘ती आजारी होती’ म्हटलंत, तर तुम्हाला ताप आला की ते रात्रभर जागं राहील. ‘आम्ही तुला निवडलं’ यात निवड रद्द होण्याची धास्ती लपलेली असते. कारण मोठ्यांच्या परिस्थितीत दाखवा आणि पुढे जोडा: ‘तुझं काही चुकलं नव्हतं. आम्ही तुला कुणाला देणार नाही.’ तपशील वयानुसार मागे ठेवता येतो, पण उद्या खोडावं लागेल असं काही आज सांगू नका.

३. आठव्या वर्षाच्या आसपास सावध राहा. डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह मुलांना दत्तक म्हणजे काय समजतं याचा अभ्यास केला. तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलं ‘मी दत्तक आहे’ असं सहज म्हणतात, पण अर्थ त्यांना कळलेला नसतो. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी जन्म आणि दत्तक यांतला फरक उमगतो, आणि पुढच्या काही वर्षांत दुसरी बाजू दिसते: मी इथे आले, म्हणजे कुणीतरी मला सोडलं. कालपर्यंत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारं मूल अशा वेळी गप्प होतं, चिडतं. आपलं काही बिघडलं असं समजून विषय बंद करू नका. ‘तुला तिची आठवण येते का?’ असं अधूनमधून तुम्हीच विचारा, कारण तुम्ही दुखावाल म्हणून ते विचारत नाही.

४. जीवनवही करा, म्हणजे मुलाची गोष्ट फोटो आणि कागदांसह सांगणारी वही. सुटी पानं घालता येतील अशी फाइल घ्या. पहिलं पान जन्माचं ठेवा, तुमच्या घरी येण्याचं नव्हे; नाहीतर मुलाला वाटतं, आपण जन्मलोच नाही. माहीत नाही तिथे ‘अजून माहीत नाही’ लिहा. मूळ कागद आणि फोटो वेगळे जपा, वहीत प्रती लावा. हिंसा, व्यसन यांसारख्या गोष्टी या वहीत नकोत, वही मैत्रिणींनाही दाखवली जाते. त्या साधारण १२व्या वर्षाच्या आत, तोंडी आणि एकांतात सांगा.

५. बाहेरच्यांची उत्तरं तयार ठेवा. ‘कुणावर गेलीये?’ याला हसून ‘स्वतःवर’ म्हटलं तरी चालतं. मुलालाही चार वाटा शिकवा: निघून जाणं, ‘ते माझं खासगी आहे’ म्हणणं, थोडंसं सांगणं, किंवा नीट समजावणं. वंशवृक्षाचा गृहपाठ येण्याआधी शिक्षकांशी बोला, अर्थात मुलाला विचारून.

उशीर झाला असेल तर दोघांनी मिळून सांगा. वाढदिवस आणि परीक्षा टाळा, सुट्टीचे पहिले दिवस बरे. ‘हे आधीच सांगायला हवं होतं, चूक आमची’ इतकं पुरे. सफाई देत बसू नका. राग दत्तक असण्यापेक्षा लपवण्याचा असतो, आणि तो काही महिने टिकू शकतो. त्या काळात ‘तुम्ही माझे आई-बाबा नाही’ असं ऐकावं लागलं, तरी जेवायला हाक मारायची ती नेहमीसारखीच.