कोब्यावरचे गंजाचे डाग असे निघाले

गच्चीवर तुळशीच्या कुंडीचा लोखंडी स्टँड पावसाळाभर एकाच जागी होता. दिवाळीच्या साफसफाईत उचलला, तर कोब्यावर चार तांबडे डाग! आधी ब्लीचिंग पावडर टाकली, ती चूकच. ब्लीचने गंज विरघळत नाही, उलट पक्का बसू शकतो.

मग किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं. कोबा आधी ओला केला, कोमट पाण्यात कालवलेला लगदा डागांवर १० मिनिटं ठेवला, नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुतला. तारेचा ब्रश नको. त्याचे तुकडे अडकून पुन्हा गंजतात. आम्ल सिमेंटही खातं, म्हणून जास्त वेळ ठेवायचं नाही. दुसऱ्या खेपेला डाग गेले.

स्टँड खरवडून रेड ऑक्साइड लावला, वर ऑइलपेंट, पायांना रबरी बुटं.