जँगोत आधी निवडा, मग वाटा लावा

माझ्या चुलतभावाचं मालवणात मासळीचं काम. रोजच्या लिलावाची नोंद ठेवायला त्याला जँगोत, म्हणजे पायथनमधे वेब ॲप बनवायच्या चौकटीत, छोटं ॲप करून दिलं, मासा, किलो, दर, तारीख एवढंच. पहिला सीझन मस्त गेला, दुसऱ्यात जेटीवरून फोन, "अरे पान उघडताच नाय!" बघतो तर मीच माती खाल्लेली, ऑल लावून सगळ्या नोंदी आणायच्या आणि मग पायथनच्या फॉर लूपमधे बांगडा वेगळा काढायचा. म्हणजे एका वाट्यासाठी अख्खी होडी अंगणात रिकामी करायची.

तर निवडायचं काम डेटाबेसलाच द्या. फिल्टरमधे मासा बरोबर बांगडा, दर 200 पर्यंतचा हवा तर फील्डच्या नावाला डबल अंडरस्कोअर लावून एलटीई, अमुक तारखेपासून पुढचं हवं तर जीटीई. स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या अटी सगळ्या लागू होतात. बांगडा किंवा सुरमई पाहिजे तर इन आणि दोघांची लिस्ट. नको ते एक्सक्लूड.

मग ऑर्डर बाय, आणि चौकोनी कंस एकदम शेवटी. कंसात कोलन 20 लिहिलं की एसक्यूएलमधे, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, लिमिट 20 होतं, 20 कोलन 40 लिहिलं की ऑफसेट 20 पण लागतो, म्हणजे आधीच्या 20 ओळी सोडायच्या. आधी कापून मग फिल्टर लावायला गेलात तर जँगो एरर देतो, आणि बरोबरच आहे त्याचं. मायनस इंडेक्सही चालत नाही, शेवटचे 20 हवेत तर उलटं सॉर्ट करा आणि पहिले 20 घ्या.

मला खरा ताप झाला तो सॉर्टचा. नुसत्या तारखेवर लावलेलं, एका दिवसात पन्नास-साठ नोंदी, आणि तारीख सारखी असली की त्यांच्यात आधी कोण हे डेटाबेस त्याच्या मर्जीने ठरवतो, त्यामुळे एकच सुरमई दोन पानांवर आणि एक पापलेट कुठेच नाही. भाऊ म्हणे, "पापलेट कोणी खाल्लान?" मायनस म्हणजे उलटा क्रम, तर मायनस तारीख, त्याच्यापुढे मायनस आयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा नंबर), मिटलं.

पानं पाडायला पेजिनेटर आहेच, फक्त खूप मागच्या पानाला ऑफसेट जड जातो, 20-20 च्या हिशोबात 400 व्या पानासाठी आधीच्या 7980 ओळी मोजून टाकून द्याव्या लागतात. नुसत्या आयडीवर उलटा क्रम असेल तर शेवटी दिसलेला आयडी धरून त्याच्यापेक्षा लहान असा फिल्टर लावा.

आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत आज काही नोंद आहे का एवढंच बघायचं असतं, तिथे पायथनचा मोजणारा लेन नको, तो सगळं उचलून आणतो. एक्झिस्ट्स पुरे.