गोठवलेल्या स्टेम सेलची बॅग वितळवताना आणि देताना

रुग्णाच्या स्वतःच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) परत देण्याच्या प्रत्यारोपणात पेशी गोळा करायला आणि गोठवायला केवढी मेहनत लागते! त्या वाया जाण्याची भीती मात्र शेवटच्या अर्ध्या तासात असते, रुग्णाच्या खाटेशी. बॅगेत सहसा १० टक्के डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे रसायन) असते. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून ते लागतेच, पण पेशी वितळल्या की तेच त्यांना बाधते. म्हणून वितळणे आणि शिरेत जाणे यांतला वेळ कमीत कमी ठेवायचा.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) नीट वाहते का, रक्त मागे येते का, हे बॅग नायट्रोजनच्या टाकीतून काढण्याआधी तपासा. दोघांनी मिळून नाव, नोंदणी क्रमांक आणि बॅगेचा क्रमांक मोठ्याने वाचून जुळवा. अ‍ॅलर्जीचे आणि उलटीचे औषध आधी देऊन ठेवा. ऑक्सिजन, सक्शन, अ‍ॅड्रेनलिन हाताशी असू द्या. लाइनमध्ये फक्त नॉर्मल सलाइन. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात आणि डेक्स्ट्रोजमुळे लाल पेशी फुटू शकतात.

डीएमएसओचा हिशेब आदल्या दिवशीच करा. सर्वसाधारण मर्यादा दिवसाला, किलोमागे १ ग्रॅम. १०० मिलिलिटरच्या बॅगेत सुमारे ११ ग्रॅम असते, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला एका दिवसात अशा पाचच बॅगा. सहावी दुसऱ्या दिवशी.

बॅग निर्जंतुक बाह्यपिशवीत घालून ३७ अंशांच्या पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने हलवत राहा. तिथून हलू नका. काही मिनिटांचेच काम आहे. बर्फाचा छोटा खडा उरला की बाहेर काढा. गोठलेले प्लास्टिक ठिसूळ असते, चिरते. गळती दिसली तर त्या जागी आर्टरी फोर्सेप्स (पकडून ठेवणारा चिमटा) लावा, बाह्यपिशवी उघडू नका आणि डॉक्टर व प्रयोगशाळेला लगेच कळवा. ती बॅग टाकायची की कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवून अँटिबायोटिकच्या आडोशाने द्यायची, हे उरलेल्या पेशी किती आहेत त्यावर ठरते.

रक्ताचा साधा, १७० ते २०० मायक्रॉन गाळणीचा सेट चालतो. पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर मात्र कधीच नाही, कारण त्यात स्टेम सेलही अडकतात. बॅगेला रेडिएशन देण्याचा तर विचारही नको. पंप न लावता ड्रिपने सोडा. पहिली काही मिनिटे हळू, मग १०० मिलिलिटर १० ते १५ मिनिटांत. धार मंदावली तर बहुधा मेलेल्या पांढऱ्या पेशींतून सुटलेल्या चिकट डीएनएच्या गुठळ्या असतात. बॅग हलकेच चोळा, गरज पडली तर सेट बदला, पण जोराने दाबू नका. शेवटी थोडे सलाइन बॅगेत घेऊन तेही द्या. तळाशी राहिलेल्या पेशी त्याच रुग्णाच्या आहेत.

एक बॅग संपून नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन स्थिर असल्याशिवाय दुसरी वितळवू नका. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, घाईपोटी. आणि नेमके तेव्हाच रुग्णाला उलटी होते, रक्तदाब चढतो किंवा नाडी मंदावते, आणि वितळलेली दुसरी बॅग तशीच पडून राहते. घशात खवखव, तोंडाला लसणासारखी चव, एक-दोन दिवस अंगाला तसाच वास, लालसर लघवी, हे नातेवाइकांना आधीच सांगा. लिंबाची गोळी चघळायला दिली तर चव सुसह्य होते. धाप, छातीत दुखणे किंवा अंगावर गांध्या दिसल्या तर ड्रिप बंद करून डॉक्टरांना बोलवा.

मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) भारतातल्या काही केंद्रांत पेशी गोठवतच नाहीत. ४ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून देतात. डीएमएसओचा प्रश्नच उरत नाही, खर्चही कमी. पण वेळापत्रक घट्ट होते: मेलफलान (प्रत्यारोपणाआधीचे, अस्थिमज्जा मारणारे केमोथेरपीचे औषध) दिल्यावर निदान २४ तास थांबायचे आणि तरी पेशींची मुदत ओलांडायची नाही. म्हणून सीडी ३४ पेशींचा (या खुणेवरून स्टेम सेल मोजतात) आकडा हाती येऊन तो किलोमागे किमान २० लाख आहे याची खात्री झाल्याशिवाय मेलफलान सुरू करू नका.