बेळगावात स्पोर्ट्स कार आणि परफॉर्मन्स टायर: या चुका टाळा

पुणे-बंगळूर हायवे दाराशी, गोव्याला उतरायला चोर्ला नाहीतर अनमोड घाट. बेळगावकराची स्पोर्ट्स कार शनिवारी हायवे तुडवते आणि रविवारी घाट, तेही एकाच टायरवर. परफॉर्मन्स टायरचं रबर मऊ असतं. पकड जबरदस्त, पण झीज लवकर हे ठरलेलंच. मात्र चाळीस हजार किलोमीटर चालले नाहीत म्हणून टायरला शिव्या घालण्याआधी पुढचं तपासा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उभ्याने टायर बघून ‘नक्षी आहे की अजून’ म्हणणं. या गाड्यांची चाकं कंपनीनेच वरच्या बाजूने जरा आत झुकवलेली असतात. वळणावर त्याचा फायदा होतो, पण हायवेवर तासन् तास सरळ पळताना आतली कड जास्त खाल्ली जाते. त्यात एखाद्या खड्ड्याने अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे ठरलेले कोन, हललं की बाहेरून टायर नवा आणि आतून रबराखालच्या तारा बाहेर, असा प्रकार होतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड टॉर्चने बघा. तारा नसतील तरच तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर गाडी आधी अलाइनमेंटला न्या. मागच्या टायरसाठी मोबाइल खाली सरकवून फोटो काढा. मागच्याच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत खरी झीज तिथे होते.

नक्षीच्या खोलीला कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटरची. पण जांबोटी-कणकुंबीचा पाऊस कायदा वाचून पडत नाही! रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त नक्षी लागते. पावसाळ्यात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी तरी घाट उतरणार नाही.

हवेचं तर विचारूच नका. बेळगावहून सुसाट कोल्हापूर गाठायचं, पंपावर ४-५ पीएसआय जास्त दिसली की सोडून द्यायची! ती वाढ गरम टायरची असते. सोडलीत तर थंड झाल्यावर हवा कमी पडते आणि कडा आणखी झिजतात. गाडी तीन तास उभी असेल तेव्हा मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर छापलेला असतो तो कमाल दाब.

गळीत हंगामात रात्री दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला चुकवताना चाक डांबराच्या कडेवरून खाली जातं. ३५ प्रोफाइलच्या टायरला, म्हणजे रुंदीच्या जेमतेम ३५ टक्के उंचीच्या, बाजूची भिंत अशी कितीशी? फुगा आला की तो टायर गेला, पंक्चरवाला काहीही म्हणो. पंक्चर मधल्या नक्षीत असेल तर आतून पॅच लावून घ्या. बाहेरून भोकात खुपसलेली नुसती दोरी घरी पोचण्यापुरती, १२० च्या वेगासाठी नाही.

स्टेपनी बऱ्याच गाड्यांना नसतेच. सीलंटचं (पंक्चरचं भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाचं) किट मुदतीत आहे ना ते बघा; भिंत फाटली तर त्याचा उपयोग शून्य. रनफ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारा टायर) असेल तर साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० च्या आत. १९-२० इंची टायर खानापुरात किंवा निपाणीत लगेच मिळेल या भरवशावर राहू नका, आधी फोन करा.

स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना टायरवरची तारीख वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आणि बदलायचे तर एका एक्सलचे दोन्ही, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे.