बदकाची अंडी उबवताना ह्युमिडिटीच्या या चुका टाळा

मी पहिल्यांदा इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या मशीनमध्ये) बदकाची १२ अंडी लावली तेव्हा डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, बदक पाण्यातला पक्षी म्हणजे दमटपणा जास्तच लागणार, मग पहिल्या दिवसापासून ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला दमटपणा, ७० टक्क्यांवर ठेवली आणि खूश होतो. २८ वा दिवस गेला, ३० वा गेला, एकाही अंड्याला टोचा (पिल्लाने आतून पाडलेलं पहिलं भोक) नाही. फोडून बघितलं तर बहुतेक अंड्यांत पूर्ण वाढलेलं पिल्लू, पण मेलेलं आणि आत सगळं पचपचीत ओलं. अक्षरशः बुडून मेली होती.

झालं काय, तर अंड्यातलं थोडं पाणी रोज उडून जायलाच हवं. ते उडतं तशी जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि बाहेर यायच्या आधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी छोटी, मग श्वासाला हवाच नाही. म्हणून पहिले २५ दिवस ४५ ते ५५ टक्के पुरे, त्याच्यावर नको.

आता दुसरी चूक, ह्युमिडिटी मोजायच्या मीटरवर डोळे झाकून विश्वास. स्वस्तातला डिजिटल मीटर १० टक्के इकडेतिकडे सहज दाखवतो. एका बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा (विरघळवायचं नाही), ते आणि मीटर हवाबंद डब्यात ८ तास ठेवा. ७५ च्या आसपास दाखवायला पाहिजे, ६८ दाखवला तर तुमचा मीटर ७ ने कमी सांगतोय, बस तेवढं लक्षात ठेवायचं.

पण खरं सांगू का, मी आता मीटरपेक्षा वजनकाट्याचं जास्त ऐकतो. अंडी लावताना प्रत्येकावर पेन्सिलने वजन लिहून ठेवा आणि दर ५-६ दिवसांनी परत मोजा. २५ व्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्के वजन कमी व्हायला हवं, म्हणजे ८० ग्रॅमचं अंडं ७० च्या आसपास आलं पाहिजे, रोजचं ०.४ ग्रॅम धरा. वजन हळू उतरतंय? मशीनमधलं पाणी कमी करा, बाहेरची हवा दमट असेल तर पाणी अजिबात न घालताही चालतं. भराभर उतरतंय? पाणी वाढवा. आणि वाढवायचं म्हणजे वाटी काठोकाठ भरायची नाही हां, खोलीने काही होत नाही, पसरट भांडं घ्या किंवा पाण्यात स्पंज ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग वाढला की ह्युमिडिटी वाढते.

२५ व्या दिवशी अंडी फिरवणं बंद आणि ह्युमिडिटी ७० च्या वर. इथे सगळे एकच घोळ घालतात, टोचा दिसला की दर तासाला झाकण उघडून बघायचं!! एकदा उघडलं की दमट हवा भस्सकन बाहेर, आतला पापुद्रा वाळून कागदासारखा कडक होतो, पिल्लाला चिकटतो आणि त्याला अंड्यात फिरताच येत नाही. बदकाला टोच्यापासून बाहेर यायला २४ ते ४८ तास लागू शकतात, तोवर हात खिशात.

ह्युमिडिटी चढत नाही म्हणून मशीनची हवेची भोकं बंद करणारेही असतात, ते तर बिलकुल नको, शेवटच्या दिवसांत पिल्लांना सगळ्यात जास्त हवा लागते. पाणीच घालायचं तर कोमट घाला.

पहिलं पिल्लू ओलं बाहेर आलं की मीटर आपोआप ८०-८५ वर जातो, घाबरून झाकण उघडू नका, ते सुकलं की खाली येतो. हां, आणि मस्कोव्ही जातीची बदकं असतील तर हे सगळं दिवसांचं गणित पुढे ढकला, ती ३५ दिवस घेतात.